दूरच्या दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ यांचा हिशेब

प्रश्न असा आहे: सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातले अंतर सगळीकडे १५,३०० किलोमीटरच्या थोडे पुढे दिलेले आढळते, मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो, म्हणजे भागाकार केला तर सतरा तास येतात. मग वेळापत्रकात साडेअठरा ते एकोणीस तास का लिहिलेले असतात, आणि कोणत्याही दोन दूरच्या विमानतळांसाठी अंतराचा व वेळेचा भरवशाचा अंदाज आपला आपण कसा काढावा? मी अनेक वर्षे लांब पल्ल्याच्या उड्डाणांच्या नियोजनाचे, म्हणजे फ्लाइट डिस्पॅचरचे, काम केले आहे, म्हणून आधी निष्कर्ष सांगतो आणि नंतर त्याची कारणे मांडतो. नकाशावरचे अंतर हा हिशेबाचा केवळ आरंभ असतो. वेळ ठरते ती विमानाला हवेतून किती अंतर कापावे लागले यावरून, आणि हे हवेतले अंतर दिशेनुसार, ऋतूनुसार आणि खरे तर रोजच्या रोज बदलते.

अंतरापासून सुरुवात करू. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वी कापली तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा नेहमी त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा तुकडा असतो. संगणक हे अंतर अक्षांश-रेखांशांवरून त्रिकोणमितीने काढतो. प्रश्नात आलेली जोडी मात्र अशी आहे की तिचा हिशेब कागदावरही तपासता येतो. चांगी सुमारे १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर आहे. केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम येथे आहे. रेखांशांची बेरीज १७७.७७ अंश होते, म्हणजे ही दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि म्हणून सर्वांत जवळचा मार्ग सरळ उत्तरेकडे चढून उत्तर ध्रुवाच्या बाजूने पलीकडे उतरतो. चांगीपासून ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्कपर्यंत ४९.३६ अंश, एकूण १३८ अंश. पृथ्वीवरचा एक अंश साधारण १११.२ किलोमीटरचा, म्हणून गुणाकार १५,३४५ किलोमीटरच्या आसपास येतो. काटेकोर मार्ग ध्रुवावरून न जाता त्याच्यापासून सुमारे २८० किलोमीटरवरून जातो आणि पृथ्वी पूर्ण गोल नाही, त्यामुळे निरनिराळ्या गणितांत १५,३४० ते १५,३५० या पट्ट्यातले आकडे दिसतात. ते सगळे बरोबरच असतात.

पृथ्वी पूर्ण गोल नसल्याचा परिणाम किती, हेही सांगून टाकतो, कारण त्यावर अनेकजण गरजेपेक्षा जास्त विचार करतात. विषुववृत्तावरची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. सरासरी ६,३७१ धरून गोलाचे सूत्र वापरले तर चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते, म्हणजे १५,००० किलोमीटरमागे वाईटात वाईट ७५ किलोमीटर, म्हणजेच पाच मिनिटे. विमान ११ किलोमीटर उंचीवरून उडते म्हणून वाढणारे अंतर त्याहूनही किरकोळ असते. या मार्गावर ते जेमतेम २६ किलोमीटर भरते. याउलट दोन चुका नेहमी घडतात आणि त्या मोठ्या असतात. पहिली एककांची. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलात मोजतात, एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, तर रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. चांगी ते केनेडी हे अंतर सुमारे ८,२८८ सागरी मैल किंवा ९,५३७ साधे मैल असते. एकाचा आकडा दुसऱ्याच्या एककात वाचला की दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा फरक पडतो. दुसरी चूक म्हणजे शहरांमधले अंतर विमानतळांमधले समजणे. लांब मार्गावर वेळेच्या दृष्टीने ती क्षम्य आहे, पण एकाच महानगरात एकाहून अधिक विमानतळ असतात तेव्हा पुढचे विमान कोणत्या विमानतळावरून सुटते हे पाहिलेच पाहिजे.

सपाट नकाशावर सरळ रेघ ओढून मार्गाची कल्पना करू नये. भिंतीवरच्या जगाच्या नकाशांपैकी पुष्कळांचा पाया १५६९ साली मर्केटर या नकाशाकाराने मांडलेल्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीचा, आहे. होकायंत्राने एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजांसाठी ते उपयुक्त होते, पण त्यावर सरळ दिसणारी रेघ सहसा जवळची नसते. सिडनी आणि चिलीमधले सँटियागो ही दोन्ही शहरे ३३ ते ३४ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान आहेत. नकाशावर त्या अक्षांशाला धरून पूर्वेकडे गेले तर सुमारे १२,७५० किलोमीटर होतात. बृहद्वृत्त मात्र दक्षिणेकडे जवळपास ६२ अंशांपर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या दिशेने, वाकते आणि ११,३५० किलोमीटरच्या आसपास संपते. सुमारे १,४०० किलोमीटरची ही बचत म्हणजे दीड तासाहून अधिक वेळ आहे.

आता अडचण अशी की हा सर्वांत जवळचा मार्ग विमानाला जसाच्या तसा क्वचितच मिळतो. पहिला अडथळा देशांच्या हवाई हद्दींचा. २०२२ च्या फेब्रुवारी अखेरीस रशियाची हवाई हद्द अनेक युरोपीय कंपन्यांना बंद झाली, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हे सुमारे ७,८०० किलोमीटरचे आणि साडेनऊ तासांच्या आसपासचे उड्डाण एकदम तेरा तासांच्या घरात गेले. विमानतळ तेच, त्यांच्यातले भूमितीय अंतर तेच, पण उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागल्याने मार्गाची लांबी हजारो किलोमीटरनी वाढली. फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने १९८३ साली, सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी, हेलसिंकीहून टोकियोला ध्रुवावरून न थांबता जाणारी सेवा सुरू केली होती. जवळपास चाळीस वर्षांनी तोच मार्ग पुन्हा उपयोगी पडला. म्हणून मी नेहमी सांगतो की वेळेचा कोणताही आकडा पाहताना तो कोणत्या वर्षीचा आहे हे आधी पाहावे.

दुसरा अडथळा सुरक्षिततेच्या नियमांचा. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळेत पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, अशी अट असते. ही मर्यादा पूर्वी साठ मिनिटांची होती, १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत वाढवण्यास परवानगी मिळाली, पुढे १८० झाली, आणि एअरबस ए३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. मर्यादा जितकी मोठी तितका मार्ग बृहद्वृत्ताच्या जवळ आणता येतो. सिडनी–सँटियागोसारख्या दक्षिण महासागरावरच्या मार्गांना याचा थेट फायदा होतो, कारण तेथे पर्यायी विमानतळ जवळपास नसतातच. तिसरा अडथळा भूप्रदेशाचा आहे: तिबेटच्या पठारासारख्या उंच प्रदेशावर विमानातील हवेचा दाब गेला तर लगेच सुरक्षित उंचीपर्यंत खाली येता येत नाही, म्हणून तेथून जाणारे मार्ग मोजके आणि विशेष तयारी मागणारे असतात. ध्रुवीय प्रदेशात आणखी वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागते, त्यामुळे टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. सुमारे ८२ अंशांच्या उत्तरेला भूस्थिर उपग्रहांचा संपर्क मिळत नाही, आणि सौर वादळ असेल तर रेडिओ संपर्कही बिघडतो. अशा दिवशी ध्रुवाजवळचा मार्ग सोडून देण्याचा निर्णय नियोजक अगदी शेवटच्या टप्प्यातही घेतात. या सगळ्याचा एकत्रित परिणाम म्हणून, सामान्य परिस्थितीत प्रत्यक्ष मार्ग बृहद्वृत्तापेक्षा तीन ते पाच टक्क्यांनी लांब धरावा, हे माझे ढोबळ प्रमाण आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. मोठी विमाने ताशी किलोमीटर धरून उडत नाहीत. ध्वनीच्या वेगाचा ठरावीक अंश, ज्याला मॅक म्हणतात, तो धरून उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश असते, तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो, आणि मॅक ०.८५ म्हणजे ताशी ९०३ किलोमीटर. प्रसिद्ध असलेला ९०० चा आकडा येतो तो येथून. हवा अधिक थंड असेल तर तोच मॅक कमी किलोमीटरचा होतो. यापेक्षा वेगाने जाता येते का, असे विचारले जाते. येते, पण मॅक एकच्या जवळ जाताना हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून कंपन्या इंधनाचा खर्च आणि वेळेचा खर्च यांचे गुणोत्तर ठरवून त्यानुसार वेग निवडतात. इंधन महाग असते तेव्हा तेच विमान त्याच मार्गावर थोडे हळू नेले जाते आणि वेळापत्रकात काही मिनिटांची भर पडते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वाऱ्याकडे येतो, कारण खरा फरक येथे पडतो. वाहत्या नदीत वल्हवणाऱ्या नावाड्याला काठावरची दोन गावे किती दूर आहेत यापेक्षा प्रवाह कोणत्या दिशेने आणि किती जोराने चालला आहे हे जास्त महत्त्वाचे असते, आणि विमानाचे तंतोतंत तसेच आहे. ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमानाचा भोवतालच्या हवेतला असतो. जमिनीच्या संदर्भातला वेग त्यात वारा मिळवून किंवा वजा करून येतो. मध्य अक्षांशांत, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान पट्टे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधातली हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन या दोहोंतून ते निर्माण होतात, आणि हिवाळ्यात हा तापमानफरक वाढतो म्हणून ते अधिक जोरदार होतात. त्यांचा वेग ताशी १५० ते २०० किलोमीटर असणे नेहमीचे आहे, आणि कधी कधी तो ३०० च्या पुढेही जातो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापे केली आणि ती एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केली. जगाने त्यांची पुरेशी दखल घेतली नाही आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकवरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना त्याच वाऱ्यांशी अचानक गाठ पडली. आजचे जवळजवळ प्रत्येक लांब पल्ल्याचे नियोजन या एका घटकाभोवती फिरते.

याचा परिणाम किती मोठा असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या मार्गाचे वाटते. या दोन विमानतळांमधले बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. एअर इंडियाची ही सेवा आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे, आणि तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशा बदलून पूर्वेकडे, पॅसिफिकवरून जाण्यास सुरुवात केली. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटरनी लांब, आणि तरीही उड्डाण साडेचौदा तासांत, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पूर्ण झाले. परतीचे विमानही पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येई, म्हणजे जाऊन येताना विमान पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालत असे. आता यातले हवेतले अंतर पाहा. साडेचौदा तास ताशी ९०० ने गुणले तर १३,०५० किलोमीटर होतात. आधीच्या साडेसोळा तासांना तेच केले तर १४,८५० होतात. जमिनीवरून मोजलेला लांब मार्ग हवेतून मोजला तेव्हा १,८०० किलोमीटरनी आखूड ठरला. आम्ही नियोजन करताना जमिनीवरचे अंतर पाहत नाही असे नाही, पण दोन मार्गांची तुलना करायची असते तेव्हा हाच दुसरा आकडा समोर ठेवतो, कारण वेळ आणि इंधन दोन्ही त्याच्याशी बांधलेले असतात.

सिंगापूर–न्यूयॉर्कच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ही सेवा चालवणारी सिंगापूर एअरलाइन्स न्यूयॉर्क परिसरातल्या नेवार्क विमानतळाला २०१८ च्या ऑक्टोबरपासून आणि केनेडी विमानतळाला २०२० च्या नोव्हेंबरपासून थेट जोडते. नेवार्कची सेवा सुरू करताना कंपनीने उड्डाणाची लांबी सुमारे १६,७०० किलोमीटर आणि सरासरी वेळ पावणेएकोणीस तास सांगितली होती. म्हणजे १५,३५० किलोमीटरच्या भूमितीय अंतरावर तेराशेहून अधिक किलोमीटरची भर, कारण न्यूयॉर्ककडे जाणारे विमान ध्रुवाची वाट न धरता बहुतेक वेळा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जाते आणि वाटेत जेट प्रवाहाचा आधार घेते. परतीला मार्ग अटलांटिक आणि युरोपवरून, ध्रुवाच्या बाजूने किंवा आणखी वेगळा, त्या दिवशीच्या वाऱ्यांनुसार ठरतो. एकाच क्रमांकाचे विमान सलग दोन दिवस वेगवेगळ्या महासागरांवरून जाऊ शकते, आणि त्यात असाधारण असे काही नसते.

लहान मार्गांवर हाच परिणाम दिशेच्या फरकातून दिसतो. लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्क यांच्यातले अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. पूर्वेकडे येताना वेळापत्रकात साधारण सात तास असतात, पश्चिमेकडे जाताना आठच्या आसपास. ९ फेब्रुवारी २०२० रोजी, एका मोठ्या वादळाच्या काळात, ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले आणि त्याचा जमिनीच्या संदर्भातला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच दिशेने धावत होती. या महासागरावर मार्गांचा संच रोज दोनदा नव्याने आखला जातो: पश्चिमेकडे जाणाऱ्या दिवसाच्या विमानांसाठी एक, पूर्वेकडे येणाऱ्या रात्रीच्या विमानांसाठी दुसरा. पूर्वेकडचे मार्ग वाऱ्यात शिरतात आणि पश्चिमेकडचे त्याला टाळतात.

जाताना झालेले नुकसान येताना भरून निघते, असा समज आहे, तो मात्र बरोबर नाही. सहा हजार किलोमीटरचा मार्ग, हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० धरा. वाऱ्याबरोबर वेग १,००० होतो आणि सहा तास लागतात. वाऱ्याविरुद्ध वेग ८०० होतो आणि साडेसात तास लागतात. एकूण साडेतेरा तास. वारा मुळीच नसता तर तेरा तास वीस मिनिटे लागली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवते, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठे राहते, आणि वारा जितका जोरदार तितकी ही तफावत वाढते. याच ठिकाणी आणखी एका शंकेचे उत्तर देतो: पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असे काहींना वाटते. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते, त्यामुळे परिवलनाचा असा थेट लाभ कोणत्याच दिशेला मिळत नाही. प्रत्यक्षात पश्चिमेकडचा प्रवासच बहुधा लांबतो.

वेळापत्रकातला आकडा आणि हवेतला वेळ यांत आणखी एक फरक आहे. तिकिटावर छापलेला कालावधी म्हणजे ब्लॉक टाइम: विमानाच्या चाकांपुढचे अडथळे काढून ते जागेवरून हलते तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहते तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचे आणि धावपट्टीपासूनचे टॅक्सी करणे, म्हणजे विमानाचे जमिनीवरून चाकांवर जाणे, येते, आणि गजबजलेल्या विमानतळावर नुसत्या निघण्यापूर्वीच्या टॅक्सीला वीस ते चाळीस मिनिटे सहज जातात. शिवाय चढाईत आणि उतरताना विमान आपल्या पूर्ण वेगाने जात नाही, उतरण्याच्या रांगेत वळसे घ्यावे लागतात, आणि वेळेवर पोहोचण्याचे प्रमाण राखण्यासाठी कंपन्या थोडी जास्तीची मिनिटे धरून ठेवतात. म्हणून तुमचे विमान अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर उतरू शकते. हा आकडा वर्षभर एकच नसतो. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रके मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात आणि त्यांत वाऱ्याच्या ऋतुमानानुसार ब्लॉक टाइमही बदलतो.

विमान इतक्या लांब न थांबता जाऊ शकते का, हा प्रश्न यातूनच निघतो. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या ए३५०-९०० यूएलआर या अति लांब पल्ल्याच्या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते, म्हणजे साधारण १३० टन, आणि विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २८० टन आहे. म्हणजे पूर्ण भरलेल्या टाक्यांसह निघणाऱ्या विमानाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग इंधनाचाच असतो. पहिल्या काही तासांत बरेचसे इंधन केवळ पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यात खर्च होते, म्हणून अंतर दुप्पट झाले की इंधन दुपटीहून जास्त लागते, आणि त्यासाठी प्रवासी व सामान कमी करावे लागते. या विमानात फक्त १६१ आसने आहेत. प्रवासाच्या इंधनाखेरीज अनपेक्षित वापरासाठी काही टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि शेवटी तीस मिनिटे घिरट्या घालण्यापुरते इंधन कायद्याने शिल्लक ठेवावेच लागते. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोरदार निघाला तर कधी कधी वाटेत इंधनासाठी उतरण्याचा निर्णय घ्यावा लागतो; प्रवाशांची गैरसोय होते हे खरे, पण तो निर्णय योग्य असतो आणि त्यात तडजोड होऊ नये.

आता घड्याळाकडे वळू. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते, म्हणून दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, बदलाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. सिंगापूर यूटीसीच्या आठ तास पुढे आहे आणि तेथे घड्याळ ऋतूनुसार बदलत नाही. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात चार तास मागे असते. समजा विमान सिंगापूरहून रात्री ११:३० ला सुटले आणि १८ तास ४० मिनिटांनी पोहोचले. सुटताना यूटीसीप्रमाणे १५:३० वाजलेले असतात, पोहोचताना दुसऱ्या दिवशीचे १०:१०, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात पहाटे ५:१० आणि उन्हाळ्यात सकाळी ६:१०. ऑकलंडहून लॉस एंजेलिसला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. डिसेंबरमध्ये मंगळवारी रात्री ८ वाजता निघालेले विमान बारा तासांनी पोहोचते तेव्हा तिथे मंगळवारचेच सकाळचे ११ वाजलेले असतात. अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या प्रवासात मार्चमध्ये विशेष काळजी घ्यावी, कारण अमेरिकेतली घड्याळे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन व न्यूयॉर्क यांच्यातला फरक पाचऐवजी चारच तासांचा असतो. वर्षभर पाठ असलेला फरक त्या आठवड्यांत वापरला तर पुढचे विमान चुकू शकते.

स्वतः अंदाज काढायचा असेल तर मी पुढील रीत सुचवीन. बृहद्वृत्तीय अंतर घ्यावे, त्यात चार टक्के मिळवावेत, ९०० ने भागावे आणि चढाई, उतरणे व टॅक्सी यांसाठी पस्तीस ते चाळीस मिनिटे घालावीत. पर्थ ते लंडन या, २४ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या, मार्गावर हे तपासून पाहू. अंतर १४,४९९ किलोमीटर. चार टक्के मिळवून सुमारे १५,०८०. भागाकार पावणेसतरा तास. त्यात वरची मिनिटे घातली की १७ तास २० ते २५ मिनिटे. सुरुवातीच्या वेळापत्रकात १७ तास २० मिनिटेच होती. परतीला, वारा पाठीमागून मिळत असल्याने, सुमारे अर्धा तास कमी धरलेला होता. मार्ग प्रामुख्याने उत्तर-दक्षिण असेल किंवा विषुववृत्ताजवळचा असेल तर हा आकडा दोन्ही दिशांना जवळपास लागू पडतो. मार्ग मध्य अक्षांशांतून पूर्व-पश्चिम जात असेल तर पूर्वेकडे पाच ते आठ टक्के कमी आणि पश्चिमेकडे तितकेच किंवा थोडे जास्त धरावे. उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात ही टक्केवारी वाढवावी. फार लांबच्या मार्गांवर, जेथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून जाण्याचे अंतर फारसे वेगळे नसते, तेथे कोणताही साधा सूत्रमय अंदाज एक तासाने चुकू शकतो हे गृहीत धरावे.

थेट सेवा नसेल तर भूमितीय अंतराचा उपयोग आणखी कमी होतो. तेव्हा प्रत्येक टप्प्याचा ब्लॉक टाइम वेगळा घ्यावा आणि मधला थांबा यूटीसीमध्ये मोजून मिळवावा. प्रत्येक विमानतळाने विमान बदलण्यासाठी किमान वेळ ठरवलेली असते, आणि ती पुरेशी आहे का हे दोन टप्पे एकाच तिकिटावर आहेत की वेगवेगळ्या तिकिटांवर यावर अवलंबून असते, कारण वेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा आले तर पुढची जबाबदारी प्रवाशाची राहते. ‘डायरेक्ट’ असे लिहिलेले उड्डाण वाटेत उतरू शकते. त्याचा अर्थ फक्त क्रमांक बदलत नाही इतकाच. न थांबता जाणारे उड्डाण हवे असेल तर ‘नॉनस्टॉप’ हा शब्द पाहावा, आणि वेळ निश्चित करण्यापूर्वी ज्या तारखेला प्रवास आहे त्याच तारखेचे वेळापत्रक उघडून दोन्ही दिशांचा ब्लॉक टाइम स्वतंत्रपणे वाचावा.